मार्जारवर्गातील पुनर्संयोजित केमोकाइन प्रथिने : रोगप्रतिकारशास्त्रीय संशोधनातील उपयोग व मर्यादा

सारांश : केमोकाइन ही पांढऱ्या रक्तपेशींना योग्य स्थळी बोलावून आणणारी लहान आकाराची प्रथिने आहेत. मांजराची केमोकाइने पुनर्संयोजित डी.एन.ए. तंत्राने तयार करता येतात व ती संशोधनासाठी उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात या प्रथिनांची रचना, त्यांच्या निर्मितीची पद्धत, एड्सच्या संशोधनाशी असलेला त्यांचा संबंध आणि मार्जारकुळातील वन्य प्राण्यांच्या आजारांच्या अभ्यासातील त्यांचे स्थान यांचा परिचय करून दिला आहे. ज्या प्राण्याचा अभ्यास करावयाचा त्याच प्राण्याचे, शुद्ध व अचूक प्रथिन मोजमापाचा आधार म्हणून हाती असल्याशिवाय रोगप्रतिकारशक्तीविषयीची आकडेवारी विश्वसनीय ठरत नाही, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजशब्द : केमोकाइन, पुनर्संयोजित प्रथिन, मार्जारकुळ, ग्राही, एफ.आय.व्ही., वाघ, गोंदिया.

१. प्रस्तावना

गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा वनक्षेत्रास डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या क्षेत्रातील वाघांची संख्या वाढावी म्हणून मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून दोन वाघिणी येथे आणून सोडण्यात आल्या. वाघाच्या संरक्षणाचा विचार करताना आपल्यासमोर प्रामुख्याने शिकार, अधिवासाचा ऱ्हास आणि मानव-वन्यजीव संघर्ष हे तीन प्रश्न येतात. चौथा प्रश्न संसर्गजन्य रोगांचा असून त्याची चर्चा तुलनेने कमी होते.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर येथील गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मृत्युमुखी पडले. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने केलेल्या तपासणीत त्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची बाधा झाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये निष्पन्न झाले. विषाणू कोणता, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेने काही दिवसांत दिले. परंतु विषाणू शरीरात शिरल्यानंतर वाघाची रोगप्रतिकार यंत्रणा नेमकी कशी वागते, कोणत्या टप्प्यावर ती अपुरी पडते किंवा अतिरेकी होते, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी साधने मनुष्य व उंदीर यांच्या बाबतीत विपुल आहेत. मार्जारकुळाच्या बाबतीत मात्र ती मोजकीच आहेत. मांजराचे पुनर्संयोजित केमोकाइन प्रथिन हे अशा मोजक्या साधनांपैकी एक होय.

२. केमोकाइन : अर्थ, रचना व वर्गीकरण

उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलांचा वास येऊ लागला की अस्वल त्या वासाचा माग काढीत झाडापर्यंत पोहोचते. वास जिकडे अधिक तीव्र, तिकडे ते वळते. शरीरात जखम किंवा संसर्ग झाला असता पांढऱ्या रक्तपेशीदेखील अशाच प्रकारे मार्ग शोधतात. बाधित ऊतींतील पेशी विशिष्ट प्रथिने स्रवतात, त्या प्रथिनांचे प्रमाण उगमाजवळ अधिक व दूर गेल्यास कमी असते आणि रक्तपेशी कमी प्रमाणाकडून अधिक प्रमाणाकडे सरकतात. या क्रियेस रसायनानुचलन असे म्हणतात. हे घडवून आणणाऱ्या सायटोकाइन गटातील प्रथिनांना 'केमोकाइन' हे नाव १९९२ मध्ये देण्यात आले. तत्पूर्वी १९८७ मध्ये न्यूट्रोफिल पेशींना आकर्षित करणारे, आज आय.एल.-८ या नावाने परिचित असलेले प्रथिन शोधण्यात आले होते. एकाच प्रथिनास अनेक नावे असल्यामुळे निर्माण झालेला गोंधळ २००० मध्ये मान्य झालेल्या समान नामपद्धतीमुळे बराच कमी झाला.

मानवी शरीरात सुमारे ५० केमोकाइने व त्यांचे सुमारे २० ग्राही ज्ञात आहेत. केमोकाइनांचे वजन साधारणतः ८ ते १२ किलोडाल्टन असते. हिमोग्लोबिनचे वजन सुमारे ६४ किलोडाल्टन असते हे लक्षात घेता ही प्रथिने किती लहान आहेत याची कल्पना येते. प्रथिनाच्या आरंभीच्या भागातील सिस्टीन या अमिनो आम्लांच्या मांडणीवरून त्यांचे चार गट करण्यात आले आहेत. पहिली दोन सिस्टीन लगत असल्यास सी.सी., त्यांच्यामध्ये एक अमिनो आम्ल असल्यास सी.एक्स.सी., तीन असल्यास सी.एक्स.३.सी. आणि आरंभी एकच सिस्टीन असल्यास सी. गट मानला जातो. बहुतेक केमोकाइनांत चार सिस्टीन असतात. त्यांपैकी पहिले तिसऱ्याशी व दुसरे चौथ्याशी डायसल्फाइड बंधाने जोडलेले असते. हे दोन बंध योग्य जोडीने तयार झाले तरच रेणूस त्याचा नैसर्गिक आकार प्राप्त होतो.

रेणूच्या तीन भागांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आरंभीचे टोक लवचीक असते, मधला भाग तीन पदरी पट्टीसारखा असतो आणि अखेरच्या टोकास वलयाकृती सर्पिल असते. मधल्या भागाच्या साहाय्याने केमोकाइन ग्राहीला चिकटते, तर आरंभीचे टोक ग्राहीच्या आत शिरून त्यास कार्यान्वित करते. हा ग्राही पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो. चिकटणे व कार्यान्वित करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

३. मांजराचे केमोकाइन अभ्यासण्याचे कारण

मांजराच्या केमोकाइनाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एड्सच्या निमित्ताने. १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पेटालुमा येथील मांजरांच्या एका समूहात रोगप्रतिकारशक्ती क्षीण होण्याचा आजार आढळला. नील्स पेडरसन व जॅनेट यामामोटो यांच्या चमूने त्यामागील विषाणू वेगळा केला आणि १९८७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. हा विषाणू आज एफ.आय.व्ही. म्हणून ओळखला जातो. तो एच.आय.व्ही.च्याच उपकुळातील आहे. तो प्रामुख्याने मांजरांच्या परस्परांतील चाव्यांतून पसरतो आणि मनुष्यास त्याची बाधा होत नाही. याच १९८६ या वर्षी चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिल्या एच.आय.व्ही. बाधेची नोंद केली होती. पुढे १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

एच.आय.व्ही. पेशीत शिरताना सीडी४ या रेणूचा आधार घेतो हे आधीच ज्ञात होते. परंतु तेवढे पुरेसे नाही, आणखी एखादा सहग्राही असला पाहिजे, असा संशोधकांचा कयास होता. १९९५ च्या अखेरीस रॉबर्ट गॅलो यांच्या चमूने रॅन्टेस व अन्य दोन केमोकाइने एच.आय.व्ही.ला अटकाव करतात असे दाखविले. १९९६ मध्ये सी.एक्स.सी.आर.-४ व सी.सी.आर.-५ हे केमोकाइनांचे ग्राहीच एच.आय.व्ही.चे सहग्राही असल्याचे सिद्ध झाले. ज्या दारातून केमोकाइनाचा निरोप पेशीत पोहोचतो, त्याच दारातून विषाणू आत येतो. म्हणून केमोकाइन दारात असेल तर विषाणूस अडथळा होतो, असा या शोधाचा अर्थ होता.

१९९७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी मांजराचा एफ.आय.व्ही.देखील सी.एक्स.सी.आर.-४ याच ग्राहीचा वापर करतो असे दाखविले. २००४ मध्ये त्याचा प्राथमिक ग्राही सीडी४ नसून सीडी१३४ आहे, हेही स्पष्ट झाले. सी.एक्स.सी.आर.-४ शी निसर्गतः जुळणारे केमोकाइन म्हणजे एस.डी.एफ.-१, ज्याचे नव्या पद्धतीनुसार नाव सी.एक्स.सी.एल.-१२ असे आहे. त्यामुळे मांजराचे एस.डी.एफ.-१ शुद्ध स्वरूपात मिळणे ही संशोधनाची गरज बनली. सी.एक्स.सी.आर.-४ चे दार अडविणारे ए.एम.डी.-३१०० हे संयुग एफ.आय.व्ही.च्या वाढीसही रोखते असे १९९९ मध्ये दिसून आले. हेच संयुग पुढे प्लेरिक्साफोर या नावाने २००८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले; मात्र एड्ससाठी नव्हे, तर काही रक्तकर्करोगांच्या रुग्णांत अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात आणण्यासाठी. एस.डी.एफ.-१ या पेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवते. ती पकड सैल केली की पेशी रक्तात उतरतात.

येथे एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. भारतात आढळणारा एच.आय.व्ही. प्रामुख्याने 'सी' उपप्रकाराचा असून तो बहुतांशी सी.सी.आर.-५ चा वापर करतो. त्यामुळे मांजरावरील निष्कर्ष भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मांजराचे प्रारूप तुलनेसाठी उपयुक्त आहे, परंतु ते पर्यायी नाही.

४. पुनर्संयोजित प्रथिनाची निर्मिती

मांजराच्या रक्तातून केमोकाइन थेट वेगळे करणे व्यवहार्य नाही, कारण त्याचे प्रमाण अत्यल्प असते. म्हणून मांजराचे जनुक अन्य सजीवात बसवून प्रथिन तयार केले जाते. ही प्रक्रिया पुढील टप्प्यांत पार पडते.

पहिल्या टप्प्यात जनुकाचा क्रम निश्चित केला जातो. २००७ मध्ये 'सिनामन' नावाच्या अ‍ॅबिसिनियन मांजरीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाल्यामुळे हे काम सुकर झाले. पूर्वी मांजराच्या पेशींतील संदेशवाहक आर.एन.ए.पासून पूरक डी.एन.ए. तयार करावे लागे. आता आवश्यक क्रम रासायनिक पद्धतीने बनवूनही मिळतो. दुसऱ्या टप्प्यात संकेत-पेप्टाइडचा भाग वगळला जातो. एस.डी.एफ.-१ च्या आल्फा प्रकाराची मूळ साखळी ८९ अमिनो आम्लांची असते. त्यांपैकी आरंभीची २१ पेशीतून बाहेर पडताना कापली जातात व ६८ अमिनो आम्लांचे परिपक्व प्रथिन उरते. प्रयोगशाळेत या ६८ अमिनो आम्लांचेच जनुक वापरले जाते.

तिसऱ्या टप्प्यात हे जनुक प्लाझमिडमध्ये बसवून ते ई. कोलाय या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये सोडले जाते. ई. कोलायची वाढ वेगाने होते व खर्च कमी येतो. पण त्याच्या पेशीत डायसल्फाइड बंध नीट तयार होत नाहीत. प्रथिनाचे गोळे होऊन ते अविद्राव्य स्वरूपात साचते. हे गोळे युरिया अथवा ग्वानिडिनमध्ये विरघळवून, नंतर ते द्रावण सावकाश सौम्य करीत प्रथिनाची पुन्हा योग्य घडी घालावी लागते. यीस्ट मात्र प्रथिन घडी घालून पेशीबाहेर सोडते, त्यामुळे शुद्धीकरण सोपे होते. अखेरच्या टप्प्यात स्तंभ-वर्णलेखनाने प्रथिन शुद्ध केले जाते. केमोकाइने सामान्यतः धनप्रभारित असल्याने हेपारिनयुक्त स्तंभ त्यासाठी सोयीचा ठरतो. एस.डी.एस.-पेज पद्धतीने शुद्धता तपासून प्रथिन शीत-शुष्कन करून कुपीत भरले जाते.

जिवाणू व यीस्ट यांखेरीज कीटकांचाही उपयोग करता येतो. मांजराचे इंटरफेरॉन-ओमेगा हे प्रथिन जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या साहाय्याने तयार करण्यात आले. मांजराचे जनुक बॅक्युलोविषाणूत बसवून तो विषाणू किड्यांना दिला जातो आणि किड्याच्या शरीरातून प्रथिन मिळविले जाते. हे औषध जपानमध्ये १९९४ पासून पशुवैद्यकीय वापरात आले. गोंदिया, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणारा टसर किडा निराळ्या जातीचा आहे. जपानमध्ये वापरला गेलेला किडा तुतीच्या पानांवरील होय. तरीही कोशाच्या शेतीशी परिचित असलेल्या या भागातील विद्यार्थ्यांना हे उदाहरण विषय समजण्यास निश्चितच साहाय्यभूत ठरेल.

५. अचूकता व शुद्धता यांचे महत्त्व

केमोकाइनाचे आरंभीचे टोक ग्राहीस कार्यान्वित करते, हे वर पाहिले. या टोकातील अल्पशा बदलानेही प्रथिनाचा गुणधर्म पालटतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले रॅन्टेसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जिवाणूतील प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते व पुष्कळदा ते नंतर कापले जाते. जिवाणूत तयार केलेल्या रॅन्टेसच्या आरंभी हे एक जादा मेथिओनिन तसेच राहिले. परिणामी ते प्रथिन ग्राहीला चिकटत होते, परंतु पेशींना हालचाल करण्यास प्रवृत्त करीत नव्हते. उलट खऱ्या रॅन्टेसचे कार्य ते रोखीत होते. ६८ अमिनो आम्लांच्या साखळीत एकाची भर पडली आणि प्रेरक रेणूचा अवरोधक रेणू झाला. एस.डी.एफ.-१ च्या बाबतीतही आरंभीची लायसिन व प्रोलिन ही दोन अमिनो आम्ले गळाली तर त्याची प्रेरकता नष्ट होते. शरीरातील डी.पी.पी.-४ हे विकर नेमकी हीच दोन अमिनो आम्ले कापून केमोकाइनाचे कार्य थांबविते.

यावरून असे स्पष्ट होते की, जेलवर योग्य वजनाची एकच पट्टी दिसली म्हणजे प्रथिन योग्य आहे असे सिद्ध होत नाही. एका अमिनो आम्लाचा फरक जेलवर दिसणार नाही. त्यासाठी वस्तुमान वर्णपटमापन आणि जैविक कार्याची चाचणी या दोहोंची आवश्यकता असते. जैविक चाचणीसाठी १९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी मांडलेल्या दोन कप्प्यांच्या उपकरणाचे तत्त्व आजही वापरले जाते. खालच्या कप्प्यात केमोकाइन, वरच्या कप्प्यात पेशी व मध्ये सूक्ष्म छिद्रांचे पटल अशी ही रचना असते. ठरावीक वेळात किती पेशी खाली उतरल्या हे मोजले जाते. केमोकाइनाचे प्रमाण वाढवीत नेल्यास उतरणाऱ्या पेशींची संख्या प्रथम वाढते व एका मर्यादेनंतर पुन्हा घटते. हा घंटाकृती आलेख अपेक्षित असतो. त्यामुळे केवळ एकाच प्रमाणावर प्रयोग करून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करू शकतो.

दुसरा प्रश्न एंडोटॉक्सिनचा आहे. ई. कोलायच्या पेशीभित्तिकेतील हा घटक शुद्धीकरणानंतरही अल्प प्रमाणात प्रथिनासोबत राहू शकतो. एंडोटॉक्सिन स्वतःच मोनोसाइट पेशींना उद्दीपित करून त्यांच्याकडून अनेक सायटोकाइने व केमोकाइने स्रवविते. अशा वेळी दिसलेला परिणाम प्रथिनाचा की अशुद्धीचा, हे सांगता येत नाही. नालखेकड्याच्या रक्तापासून तयार केलेल्या लिम्युलस चाचणीने एंडोटॉक्सिन मोजतात. एक साधा पडताळाही करता येतो. प्रथिनाचा काही भाग उकळून प्रयोगात वापरावा. उष्णतेने प्रथिन निकामी होते, एंडोटॉक्सिन मात्र बव्हंशी टिकते. उकळलेल्या नमुन्यानेही तोच परिणाम दिसला तर त्याचे कारण प्रथिन नव्हे, हे उघड होते.

६. मोजमापाचा आधार म्हणून प्रथिन

संशोधनात पुनर्संयोजित केमोकाइनाचे तीन प्रमुख उपयोग आहेत. पेशींवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम पाहणे हा पहिला, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे हा दुसरा आणि रक्तातील केमोकाइन मोजण्यासाठी प्रमाण म्हणून वापरणे हा तिसरा. तिसरा उपयोग दिसण्यास किरकोळ वाटला तरी सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

एलायझा चाचणीत नमुन्याचा रंग किती गडद झाला हे यंत्र दाखविते. केमोकाइन किती आहे हे ते सांगत नाही. ज्ञात प्रमाणातील शुद्ध प्रथिनावरून प्रथम प्रमाण-आलेख काढावा लागतो व त्याच्याशी ताडून अज्ञात नमुन्याचे प्रमाण ठरते. वजनकाटा कितीही उत्तम असला तरी तोळण्याचे वजन खोटे असेल तर माप खोटेच ठरते. मांजराच्या रक्तासाठी मानवी संच वापरल्यास नेमके हेच घडू शकते. मानवी प्रथिनावर बेतलेले प्रतिपिंड मांजराच्या प्रथिनास अंशतः चिकटेल, मुळीच चिकटणार नाही किंवा अन्यच प्रथिनास चिकटेल. आकडा मात्र तिन्ही वेळा छापून येतो.

सर्व केमोकाइनांच्या बाबतीत हा धोका सारखा नसतो. एस.डी.एफ.-१ हे उत्क्रांतीत फार थोडे बदललेले प्रथिन आहे. मनुष्य व उंदीर यांच्या परिपक्व एस.डी.एफ.-१ आल्फामध्ये केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे. इतर अनेक केमोकाइनांमध्ये मात्र प्राण्यागणिक बराच फरक आढळतो. म्हणून साम्य गृहीत न धरता प्रत्येक प्रथिनासाठी ते स्वतंत्रपणे पडताळून पाहणे, हाच शास्त्रीय मार्ग होय.

७. घरातील मांजरापासून वनातील वाघापर्यंत

दक्षिण कोरियातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये वाघाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात वाघ व पाळीव मांजर यांच्या जनुकसंचांत सुमारे ९५.६ टक्के साम्य असल्याचे दिसून आले. दोघांच्याही गुणसूत्रांची संख्या ३८ आहे. वाघासाठी स्वतंत्र प्रथिने व प्रतिपिंडे जवळजवळ उपलब्ध नसताना मांजराची साधने ही त्यातल्या त्यात निकटची ठरतात. मानवी संचापेक्षा ती अधिक योग्य असली तरी त्यांचीही पडताळणी अपरिहार्य आहे.

या साधनांची निकड काही घटनांवरून स्पष्ट होते. २००४ मध्ये थायलंडमधील श्रीराचा येथील व्याघ्र प्राणिसंग्रहालयात एच५एन१ च्या साथीत १४७ वाघ मृत्युमुखी पडले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीर येथे वीसहून अधिक सिंह दगावले. त्या वेळी सिंहांच्या नमुन्यांत कॅनाइन डिस्टेंपर विषाणू असल्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहभागाने झाले. हा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. वनक्षेत्राच्या कडेला गावे असलेल्या गोंदियासारख्या जिल्ह्यासाठी ही बाब चिंतनीय आहे. कारण गावातील कुत्रे, मांजरे व कोंबड्या आणि वनातील वाघ-बिबटे यांच्यामधील अंतर फार नसते.

मनुष्यातील एच५एन१ बाधेविषयी २००६ मध्ये व्हिएतनाममधील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दगावलेल्या रुग्णांच्या रक्तात आय.पी.-१०, एम.सी.पी.-१ व आय.एल.-८ यांसारख्या केमोकाइनांचे प्रमाण विशेष वाढलेले आढळले. विषाणूची प्रचंड वाढ आणि तिला शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद यांचा परस्परसंबंध त्यातून पुढे आला व विषाणूरोधी उपचार लवकर सुरू करण्याचे महत्त्व अधोरेखित झाले. वाघाच्या बाबतीत असेच घडते काय, आजारी वाघाच्या रक्तातील केमोकाइनाची पातळी पाहून तो वाचण्याची शक्यता वर्तविता येईल काय, लस दिल्यानंतर त्याच्या पेशी अपेक्षित प्रतिसाद देतात काय, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. बचाव केंद्रातील पशुवैद्यकास उपचाराचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. त्या निर्णयास आधार देणारे माप उपलब्ध होण्यासाठी त्यापूर्वी अनेक वर्षे प्रयोगशाळेत प्रथिनाचे काम झालेले असावे लागते.

८. महाविद्यालयीन स्तरावरील विचार

ग्रामीण भागातील महाविद्यालयांस या विषयात प्रत्यक्ष सहभाग घेता येईल काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. पुनर्संयोजित डी.एन.ए.चे काम करण्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती आवश्यक असते. वाघ हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने त्याचे नमुने परवानगीशिवाय हाताळता येत नाहीत. या अटी योग्यच आहेत. मात्र त्यांच्या चौकटीत राहूनही पुष्कळ काही करता येते.

पहिली गोष्ट म्हणजे गणन. १० मायक्रोग्रॅम प्रथिनाची एक कुपी अत्यल्प वाटते; परंतु प्रथिनाचे वजन ८ किलोडाल्टन धरल्यास त्यात १.२५ नॅनोमोल, म्हणजे सुमारे ७.५ × १०^१४ रेणू असतात. प्रतिमिलिलिटर १०० नॅनोग्रॅम, म्हणजेच १२.५ नॅनोमोलर, या प्रमाणाचे १०० मिलिलिटर द्रावण तिच्यापासून बनते. असे उदाहरण पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून वर्गातच सोडवून घेता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे जनुकक्रमांची तुलना. मांजर, वाघ व मनुष्य यांच्या केमोकाइनांचे क्रम सार्वजनिक माहितीकोशांत विनामूल्य उपलब्ध आहेत. इंटरनेट जोडणी असलेल्या कोणत्याही संगणकावर विद्यार्थी ते एकाखाली एक मांडून सिस्टीनची स्थाने व आरंभीच्या टोकातील फरक पाहू शकतात. कोणत्या प्रथिनासाठी मांजराचे साधन वाघास लागू पडण्याची शक्यता अधिक आहे, याचा प्राथमिक अंदाज अशा तुलनेतून मिळतो आणि तो एखाद्या लघुप्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकतो.

तिसरी गोष्ट हाताळणीतील शिस्तीची आहे. शीत-शुष्क प्रथिनाची कुपी उघडण्यापूर्वी ती अपकेंद्रित्रात थोडा वेळ फिरवावी, म्हणजे झाकणास चिकटलेली भुकटी तळाशी येते. अतिशय सौम्य द्रावणातील प्रथिन नळीच्या भिंतीस चिकटून नाहीसे होते, म्हणून त्यात अल्ब्युमिनसारखे वाहक प्रथिन मिसळतात. द्रावण वारंवार गोठविणे व वितळविणे टाळावे आणि त्यासाठी त्याचे लहान भाग करून ठेवावेत. वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी ही खबरदारी अधिकच महत्त्वाची ठरते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट शोधनिबंधांच्या वाचनाची व परीक्षणाची आहे. प्राण्यांच्या रक्तातील सायटोकाइन वा केमोकाइन मोजल्याचा दावा करणाऱ्या लेखनात पुढील बाबी तपासाव्यात : वापरलेला संच कोणत्या प्राण्यासाठी बनविलेला होता, प्रमाण म्हणून कोणते प्रथिन वापरले व ते कोणत्या सजीवात तयार केले होते, एंडोटॉक्सिनचे प्रमाण नमूद आहे काय, जैविक कार्याची चाचणी झाली आहे काय, आणि उकळलेल्या प्रथिनाचा नियंत्रण-नमुना ठेवला होता काय. यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे नसतील तर निष्कर्ष सावधपणेच स्वीकारावा लागेल. हे परीक्षण करण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नसते.

९. निष्कर्ष

मांजराचे केमोकाइन हे लहान आकाराचे प्रथिन आहे. तरीही एड्सच्या विषाणूचा पेशीत शिरण्याचा मार्ग, मूलपेशी रक्तात आणणारे औषध आणि वाघ-सिंहांच्या आजारांचा अभ्यास हे परस्परांपासून दूर वाटणारे विषय त्यास येऊन मिळतात. पुनर्संयोजित तंत्रामुळे असे प्रथिन हवे तेव्हा व हवे तितके तयार करता येते. मात्र त्याचे मूल्य त्याच्या अचूकतेवर अवलंबून असते. एका जादा अमिनो आम्लाने त्याचा अर्थ उलटतो, अत्यल्प एंडोटॉक्सिनने प्रयोग फसतो आणि भिन्न प्राण्याचे प्रमाण वापरल्यास आकडेवारी निरर्थक होते.

विषाणूचे निदान हे रोगाच्या अभ्यासाचे पहिले पाऊल आहे. प्राण्याच्या शरीराने त्यास कसे तोंड दिले हे जाणून घेणे हे दुसरे. पहिल्यासाठी देशात सक्षम संस्था आहेत. दुसऱ्यासाठी मार्जारकुळाची स्वतःची, पडताळून घेतलेली मोजमापाची साधने वाढविणे गरजेचे आहे. नागपूर येथे २००० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, पुण्यातील संशोधन संस्था आणि व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील विज्ञान महाविद्यालये यांनी परस्परपूरक भूमिका घेतल्यास, पुढील साथीच्या वेळी आजारी वाघाच्या रक्ताचा नमुना हाती आल्यावर त्यातील विषाणूचे नावच नव्हे, तर त्या वाघाच्या शरीराची अवस्थाही वाचता येईल.